कोर्ट उठेपर्यंत

कोर्टाचा शिपाई म्हणून पुकारे देऊन देऊन माझा घसा बसला, पण एवढ्या वर्षांत शिक्षा मागून घेणारा माणूस मी एकच पाहिला. ते म्हणजे आमचे शिंपीकाका.

दारूबंदीची प्रकरणं आमच्या कोर्टात ढिगानं येतात. परवान्याशिवाय खिशात दारूची चपटी सापडलेला माणूस उभा राहतो, गुन्हा कबूल म्हणतो आणि साहेब किरकोळ दंड व कोर्ट उठेपर्यंत कैद सुनावतात. कैद म्हणजे काय, तर संध्याकाळी साहेब खुर्चीवरून उठेपर्यंत मागच्या बाकावर बसून राहायचं. लोक तेवढ्यानंही कावतात. चुळबुळ करतात, घड्याळ बघतात आणि माझं डोकं खातात.

काका पहिल्यांदा आले ते मान खाली घालून. बायको गेलेली, मुलगी लग्न होऊन परदेशी, डोळे साथ देईनात म्हणून दुकान बंद. एकट्यानं घोटभर घ्यायची म्हणून बाटली घरी नेताना सापडले होते. त्यांच्यावर नजर ठेवायचं काम माझं. लघवीला निघाले तरी मी मागे. दुपारी बाकावर दिसेनात म्हणून शोधत गेलो, तर स्वारी व्हरांड्यात एका वकिलाच्या कोटाची उसवलेली शिवण निरखत होती.

"अहो काका, न सांगता कुठे जाता? माझी नोकरी घालवाल," मी खेकसलो.

त्यावर हा माणूस चक्क हसला. मी खेकसल्यावर इतकं खूश होणारं माणूस माझ्या घरातही नाही. संध्याकाळी "सुटलात, जा घरी" म्हणालो, तेव्हा मात्र त्यांचा चेहरा पडला.

पुढच्याच महिन्यात काका पुन्हा हजर. चपटी शर्टाच्या वरच्या खिशात ठेवून पोलीस चौकीसमोरून फेऱ्या मारत होते म्हणे. हवालदारानं आधी काणाडोळा केला, शेवटी त्याचाही नाइलाज झाला. काका कडक इस्त्रीचे कपडे घालून आले होते. दारातच मला म्हणाले, "आज दिवसभर तुमच्याकडेच."

पण खुर्चीवर आता नव्या मॅडम होत्या आणि काकांच्या जुन्या प्रकरणाचा कागद त्यांच्यापुढे आलेलाच नव्हता. त्यांचा प्रश्न संपायच्या आत काका "कबूल" म्हणून मोकळे झाले. मॅडमनी त्यांच्याकडे नीट पाहिलं.

"आजोबा, या वयात तुम्हाला कशाला डांबून ठेवू? समज देऊन सोडते. घरी जा, घरचे वाट बघत असतील."

काकांनी कठड्याला हात घट्ट धरले. "मॅडम, कोर्ट उठेपर्यंत तरी द्या ना."

सगळं कोर्ट हसलं. मॅडमही हसल्या आणि त्यांनी पुढची फाइल ओढली. एरवी असल्या गमतीवर मीच आधी दात काढतो, पण त्या दिवशी तडक कठड्याकडे गेलो.

मी काकांना बाजूला घेतलं. "बसा की मागच्या बाकावर. इथे कोणीही बसू शकतं, शिक्षाच कशाला हवी?"

"बसेन हो," काका म्हणाले. "पण मधेच उठून गेलो, तर तुम्ही शोधायला याल का?"

तेवढ्यात आतून पुढच्या पुकाऱ्याची खूण झाली. तो देऊन मागे वळलो, तर काका निघून गेले होते आणि कामकाज चालूच होतं. त्यांच्यावाचून कोणाचंच काही अडलं नव्हतं.