ओट्यावर राहिलेली लस

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, देवापुढे हात जोडतानाही नाही — तिथे मी पोराबाळांचं मागते आणि उठते. तुम्हाला सांगते, कारण खरं सांगू? लपवून लपवून आता जीव थकलाय.

माणगावजवळ आमची पोल्ट्री आहे, दोन्ही भावांची मिळून. धाकटी जाऊ सुमन शेडमध्ये राबते. औषधं, लशी सांभाळणं माझ्याकडे — मी मोठी ना! सात वर्षांपूर्वी, भर वैशाखात, माझा भाऊ दिघीहून चांगली हातभर सुरमई घेऊन आला. फ्रीजमध्ये जागा करायला मी सगळं बाहेर काढलं, त्यात गंबोरोच्या लशीची बाटलीही. ती दुपारभर ओट्यावरच राहिली. संध्याकाळी दिसली तेव्हा हाताला कोमट लागली. गरम झालेली लस वाया जाते, हे मला ठाऊक नव्हतं का? होतं. तरी गुपचूप परत ठेवली. माहेरच्या माशापायी लस घालवली, ही बोलणी कोण खाणार?

दुसऱ्या दिवशी सुमनने ती दूध पावडरीच्या पाण्यात कालवून पिल्लांना पाजली. लशीआधी तहानलेली ठेवतात, त्यामुळे पिल्लं पाण्यावर तुटून पडली. मी दारातून बघत होते.

आठ-दहा दिवसांत पिल्लं पिसं फुलवून कोपऱ्यात बसायला लागली, पांढरं पाणी हगायला लागली. डॉक्टरांनी एक चिरून बघितलं. गंबोरो — पिल्लाची रोगाशी लढायची ताकदच खातो तो. लस थंड होती ना, त्यांनी विचारलं. सुमनने माझ्याकडे बघितलं. आणि मी — मी म्हणाले, "ही लशीच्या आदल्या दिवशीच माहेरून आली. तिकडं कोंबड्या हायत."

रोग चपलांवरून येतो हेही खरंच, त्यामुळे सगळ्यांना पटलं. सुमनलाही पटलं. मेलेली पिल्लं तिनेच चुना टाकून पुरली, रडत रडत.

तेव्हापासून शेडमध्ये पिल्लं असली की ती माहेरी जात नाही. कुणी बंदी घातली नाही, तिनेच स्वतःला घातली. मला सुटल्यासारखं वाटलं — नीच म्हणा हवं तर.

गेल्या दिवाळीनंतर बोर्लीहून तिच्या भावाचा फोन आला. आई अंथरुणाला खिळली होती, लेकीची आठवण काढत होती. शेडमध्ये वीस दिवसांची पिल्लं होती. हा लॉट विकून गेला की जाईन, म्हणाली. मला एवढंच बोलायचं होतं — जा गं, तुझ्या पायानं काही आलं नव्हतं. जिभेवर आलं होतं. मी तिला चहा करून दिला.

लॉट जायला आठ दिवस असताना आई गेली.

तेरावं करून परतली ती थेट रिकामी शेड धुवायला लागली. मीही झाडू घेऊन गेले. माझ्याकडे न बघताच ती म्हणाली, "तवा न्हाय गेले ते बरंच झालं, ताई. पिल्लं तरी वाचली."

मी म्हणाले, "व्हय."