व्याह्यांचा चहा

राहू गावचे एक आप्पा दौंडला माझ्याकडे इंग्रजी शिकायला येतात. मुलगा लंडनला, सूनही तिथलीच होणार. तिच्या वडिलांशी स्वतः बोलायचं म्हणून ही धडपड. इंग्रजी वाक्य म्हणताना आप्पा डोळे गच्च मिटतात आणि समोरच्याचं उत्तर आल्यावरच उघडतात.

"पगार, वय, दुखणं विचारायचं नाही. त्यांच्यात तसं नसतं," मी बजावलं होतं.

"मंग सोयरीक जुळवायची कशावर, मॅडम? हवामानावर?"

काल माझ्या लॅपटॉपवर व्हिडिओ कॉल लागला. आप्पांनी घरून आणलेला गुळाचा चहा दोन कपांत ओतला आणि एक कप पडद्यासमोर सरकवला. "व्याही हायती. कोरडं कसं बसवायचं?"

मग पाठ केलेलं सगळं विसरून, डोळे मिटून ते एवढंच म्हणाले, "प्लीज, टी."

पलीकडचे गृहस्थ उठून निघूनच गेले. रिकामी खुर्ची मला एकटीलाच दिसत होती. आप्पांना आता कसं सांगायचं?

तेवढ्यात ते परतले, हातात वाफाळता मग घेऊन. "थँक यू," म्हणून त्यांनी घोट घेतला.

आप्पांनी डोळे उघडले. व्याही चहा पीत होते.

"त्यांच्यातबी आसतंय की, मॅडम."