निवेदन देणारं घर

तुमच्या घरातलं लेकरू परवा तुम्हाला काहीतरी सांगत होतं. त्याला तुम्ही कोणत्या शब्दापाशी थांबवलंत?

आठवत नसेल. आमच्या घरचा शब्द मला पक्का ठाऊक आहे. तो "मॅडम" होता. माझी पुतणी तेव्हा चौथीत होती. शाळेतून आली, दप्तर ओट्यावर टाकलं आणि माझ्या वडिलांना म्हणाली, "आबा, आमच्या मॅडम..." त्यापुढचं वाक्य तिचं राहिलं नाही. ते आमचं झालं.

आमचं घर देऊळघाटचं. बाबा एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते, आता निवृत्त आहेत. पण गाव त्यांना त्या कामासाठी ओळखत नाही. गाव त्यांना पत्रकांसाठी ओळखतं. बुलढाण्याच्या छापखान्यातून गुलाबी पातळ कागदाचे गठ्ठे यायचे आणि आम्ही भावंडं खाली फरशीवर बसून घड्या घालायचो. हाताला शाई लागायची, ती जेवतानाही जायची नाही. मी वाचायला शिकले ती त्या कागदांवर. जोडाक्षरं मी 'अन्याय' आणि 'धिक्कार' यांतून शिकले. शेजारच्या पोरांना राजाराणीच्या गोष्टी मिळाल्या, आम्हाला मागण्या मिळाल्या. त्याची मला खंत नाही. एखाद्या कचेरीत कुणी "उद्या या" म्हटलं की "आज का नाही?" हे माझ्या तोंडून आपोआप येतं, आणि ते त्या गुलाबी कागदांनी दिलेलं आहे. म्हणूनच पुढचं मी बाहेरून बोट दाखवून लिहीत नाही. मी त्याच घरातली आहे.

या घराची एक रीत आहे. कुणी काही दुःख सांगायला लागलं की ते संपायच्या आत बाबांच्या खिशातल्या पेनाचं टोपण निघतं. फाट्यावर बस थांबत नाही? निवेदन. वस्तीतल्या खांबावर दिवा नाही? निवेदन. आणि ते चालतं! बस थांबायला लागली, दिवाही लागला. त्यामुळे आमच्या घरात अशी श्रद्धाच बसली, की जे जे दुखतं ते कागदावर लिहून, चार माणसं सोबत नेऊन साहेबाच्या टेबलावर ठेवलं की बरं होतं.

लेकराचं दुखणं बसथांबा नसतं, हे आम्हाला कुणी सांगितलं नाही.

झालं होतं ते असं. जिल्हा परिषदेच्या शाळेत रोज सकाळी परिपाठ असतो. प्रार्थना झाली की एक जण सुविचार सांगतो, एक बातम्या वाचतो, एक बोधकथा सांगतो. बोधकथेसाठी मॅडम नेहमी दोनच मुलींना उभं करायच्या. माझ्या पुतणीला गोष्ट सांगायची होती. पुस्तकातली नाही, तिची स्वतःची. एका रविवारी आम्ही दोघी अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसलो होतो, तेव्हा तिनं मला ती सांगितली. एका विहिरीला उचकी लागते. जवळ उभं राहून कुणी खोटं बोललं की विहीर उचकते आणि पाणी उडतं.

"मंग एक दिवस सरपंच आला," ती म्हणाली.

"मंग?"

"मंग काय! साऱ्या गावाची आंघोळ झाली."

मी इतकी हसले की शेंगा सांडल्या. ती हसली नाही. तिला दुसरंच काही विचारायचं होतं. "आत्या, मॅडमले कसं म्हणू?"

"तुला कसं म्हणावंसं वाटते?"

तिनं थोडा वेळ शेंग नुसती हातात धरली. मग उठून उभी राहिली, फ्रॉक सारखा केला आणि समोरच्या बाभळीकडे पाहत म्हणाली, "मॅडम, मी गोष्ट सांगू का?" लगेच मान हलवली. "नाही, हे नोको." पुन्हा म्हणाली, "मॅडम, उद्या गोष्ट मी सांगते." आणि माझ्याकडे पाहिलं. "हे बरं आहे नं?"

ते बरंच होतं. मी तोवर आत्मविश्वास नावाच्या गोष्टीवर शंभर भाषणं ऐकली होती, पण ती गोष्ट डोळ्यांनी त्या दिवशी पाहिली. एक लहान पोरगी स्वतःचं वाक्य निवडत होती. बस, एवढंच.

दुसऱ्या दिवशी तिनं मॅडमना ते म्हटलं. मॅडम "पाहू" म्हणाल्या. ती घरी आली, तेव्हा मी बुलढाण्याला अभ्यासिकेत होते. पुढचं मला वहिनीनं, तिच्या आईनं, सांगितलं.

"आबा, आमच्या मॅडम..."

"काय केलं मॅडमनं?" बाबांनी विचारलं.

"गोष्ट नाही सांगू दिली. पाहू म्हणे."

"काऊन? दुसऱ्या पोरी सांगतात नं?"

"दोघीच सांगतात."

"कोनाच्या हायेत त्या दोघी?"

तिनं घरं सांगितली. गावातली मोठी घरं होती. बाबांचा चेहरा बदलला, टोपण निघालं. पुतणी म्हणत होती, "आबा, मी उद्या पुन्हा मॅडमले..."

"तुले काहीच म्हनायचं काम नाही," बाबा म्हणाले. "आमी आहो नं."

किती प्रेमाचं वाक्य आहे हे! कोणत्याही आजोबानं आपल्या नातीला म्हणावं असं. मी आजही त्या वाक्याच्या प्रेमावर शंका घेत नाही. पण त्यानं त्या पोरीच्या हातातलं काम काढून घेतलं, आणि ते तिला परत मिळालं नाही.

मी संध्याकाळी ऑटोतून उतरून घरात आले, तर निवेदन लिहून तयार. 'विद्यार्थिनीस हेतुपुरस्सर डावलल्याबाबत.' खाली सह्यांसाठी जागा. मी म्हटलं, "बाबा, तिले विचारलं का? ती उद्या स्वतः विचारणार होती."

"लेकराले काय विचारतं?"

"तिचं आहे म्हणून."

तिचा बाप, माझा दादा, मोटार वाइंडिंगच्या दुकानातून नुकताच आला होता, हाताला अजून वार्निश होतं. तो म्हणाला, "हे पाह्य, अभ्यासिकेत जाऊन बाई आमची लय शहाणी झाली. मोर्चात सर्वात पुढं तूच असतं नं?"

"मोर्चा वेगळा."

"काऊन वेगळा? अन्याय हाये का नाही, तेवढं सांग."

इथं मी अडकले. कारण अन्याय कदाचित होताही. त्या दोघीच का, याचं उत्तर माझ्याकडे आजही नाही, आणि माझा संशय गेलेला नाही. मॅडमना मी सहज निर्दोष म्हणणार नाही. मी फक्त एवढंच म्हणत होते, की त्या पोरीला आणखी एकदा विचारू द्या. नाही जमलं तर मी स्वतः पहिली सही करते.

बाबांनी चष्मा काढला. "माह्यासाठी कोनी आलं नव्हतं शाळेत," ते म्हणाले.

शाळेत त्यांच्यासोबत काय झालं होतं, ते त्यांनी आम्हाला पुरतं कधी सांगितलं नाही. हे एक वाक्य तेवढं सांगतात, आणि त्यानंतर आमच्या घरात कुणी वाद घालत नाही. मीही घातला नाही. चुलीजवळ वहिनी भाकरी थापत होती. ती हळूच म्हणाली, "पोरगी एवढं एक काम आपल्या मनानं करून राह्यली होती." ते कुणाच्या निवेदनात आलं नाही.

पुतणी दारात उभी राहून ऐकत होती. तिनं विचारलं, "आबा, मी बी येऊ का?"

"तू वर्गात बस. अभ्यास कर."

पण तिला वर्गात बसू दिलं नाही. शिष्टमंडळ मुख्याध्यापकांच्या खोलीत गेलं. वस्तीतली वडीलधारी माणसं, दादा, बाबा. बोलणं झालं, सरांनी "तात्काळ दखल घेतो" म्हटलं, आणि मग फोटोची वेळ आली. निवेदन देताना फोटो काढायचाच, त्याशिवाय दिल्यासारखं होत नाही. कुणीतरी म्हणालं, पोरगी पाहिजे मधात. तिला वर्गातून बोलावून आणलं. त्या फोटोत कागदाचं एक टोक सरांच्या हातात आहे, एक बाबांच्या, आणि खालचा कोपरा तिच्या चिमटीत. सगळे कॅमेऱ्याकडे पाहतात. ती दाराकडे पाहते आहे, जिथून तिचा वर्ग डोकावत होता. संध्याकाळपर्यंत तो फोटो गावातल्या सगळ्या ग्रुपवर फिरला. खाली मुठीच मुठी.

दखल घेतली गेली. लगेच तिचा नंबर लागला. ती विहिरीची गोष्ट घेऊन बाबांकडे गेली, तेव्हा बाबा मायेनं म्हणाले, "एवढी संधी भेटली तं विहिरीचं काय सांगतं माय? विचार मांड." आणि त्यांनी भाषण लिहून दिलं. तिनं ते पाठ केलं. परिपाठात एकदाही न अडखळता म्हटलं, योग्य जागी बोटही उगारलं. सगळ्यात आधी टाळी मॅडमनी वाजवली. त्यांचा चेहरा मला परिपाठ पाहायला गेलेल्या वहिनीनं सांगितला. घाबरलेल्या माणसाची टाळी होती ती.

मला वाटलं, जाऊ दे, पोरगी उभी तर राहिली. काही दिवसांनी मी शाळेवरून जात होते. मधली सुट्टी होती आणि पोरी लंगडी खेळत होत्या. मी कुंपणाशी थांबले. पुतणी धावत होती, राज्य असलेली पोरगी लंगडी घालत तिच्या अगदी जवळ आली, आणि वळून दुसरीकडे गेली. पुन्हा तसंच. माझी पुतणी मुद्दाम समोर जाऊन उभी राहिली, तरी तिला कुणी शिवलं नाही. एका पोरीनं ओरडून सांगितलं, "तिले आउट नोको करू बाप्पा! तिच्या घरचे येतीन." सगळ्या हसल्या. पुतणी थोडा वेळ एकटीच धावली. मग रिंगणाबाहेर जाऊन बसली.

वर्गातही तेच. मॅडम तिला प्रश्न विचारायच्या थांबल्या. चुकली आणि रागावलं तर कोण ऐकून घेणार? कोणी तिला त्रास दिला नाही. कोणी तिला काहीच केलं नाही. आणि याचं निवेदन लिहायला आमच्याकडे शब्द नव्हते.

घरी ती चांगली होती. जेवायची, अभ्यास करायची. "काय झालं वं आज शाळेत?" म्हटलं की "काही नाही."

मग एका सकाळी वहिनी तिला आंघोळ घालत होती आणि एकदम ओरडली. मी धावले. पोरीचा कोपर सुजून काळानिळा झाला होता. "कवा पडली?" वहिनीनं विचारलं. "नाही पडली." "मंग कोनं पाडलं?" "कोनीच नाही." वहिनीच्या डोळ्यांत पाणी आलं, आवाज चढला, तशी पोर आणखी मिटत गेली. वहिनी टॉवेल आणायला आत गेली, तेव्हा मी खाली बसले. काही विचारलं नाही. बऱ्याच वेळानं तीच बोलली. कालच शाळेत ओट्यावरून पडली होती. रात्रभर दुखत होतं.

"मग सांगितलं काऊन नाही?"

ती बादलीतल्या पाण्याकडे पाहत म्हणाली, "सांगितलं असतं तं तुमी शाळेत गेले असते."

बुलढाण्याला नेलं. हाडाला बारीक चीर होती, प्लास्टर घातलं. घरी आल्यावर मी बाबांसमोर बसले आणि तिचं ते वाक्य त्यांना तसंच्या तसं सांगितलं, एक शब्दही इकडेतिकडे न करता. बाबांनी खाटेच्या कडेवरून हात फिरवला. मला वाटलं, पोचलं. आता पोचलं.

मग ते म्हणाले, "पन ओट्याले कठडा काऊन नाही?" आणि त्यांचा हात खिशाकडे गेला.

मी ओरडले नाही. त्यांच्या नातीचा हात मोडला होता, ते तिच्या दुखण्यानं कळवळले होते, आणि त्या कळवळ्याचं त्यांना दुसरं काही करताच येत नव्हतं. आयुष्यभर एकच हत्यार हाती आलं, तेच त्यांनी उचललं. कठडा झाला. चांगला मजबूत झाला.

ती आता सातवीत आहे. जयंतीला विहाराच्या मंचावरून सगळ्यात जोरदार भाषण तिचं होतं. घरात तिच्या ढाली ठेवायला फळी पुरत नाही. लोक म्हणतात, "काय धीट पोरगी हाये!" दादा मान ताठ करून ऐकतो. भाषण अजून बाबाच लिहितात. मंचावरून उतरली की ती पाणी पिते आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर जाऊन बसते. मी शेजारी बसले तर सरकून जागा देते. बोलत नाही. मी खूप प्रयत्न केले. चुलत्या-मावश्यांच्या घरी नेलं, दुकानात एकटीला पाठवलं, नुसतं गप्प बसूनही पाहिलं. "काही नाही" यापलीकडे दार उघडत नाही. कधीतरी उघडेल असं लोक मला समजावतात. मला तसं वाटत नाही.

आणि हे एकट्या आमच्या घराचं नाही. तुम्ही निवेदन देत नसाल. तुम्ही मास्तरला फोन लावत असाल, शेजारणीशी भांडत असाल, किंवा "त्यात काय रडायचं?" म्हणून विषय संपवत असाल. लेकराच्या तोंडातलं वाक्य काढून घ्यायच्या रीती घरोघरी वेगळ्या आहेत, एवढंच.

माझी मागणी एकच आहे, आणि ती कोणत्याही साहेबाकडे नाही, तुमच्याकडे आहे. आज तुमचं लेकरू काही सांगायला लागलं, तर जागचे उठू नका. त्याचं वाक्य त्याला संपवू द्या, कितीही वेळ लागला तरी. मग विचारा, "तुला काय करायचं आहे?" आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसा. कुणी त्याच्या अंगावर हात टाकला असेल, तर जरूर जा, त्याच दिवशी जा. पण जाण्याआधी त्याला सांगा की आपण जाणार आहोत, आणि तिथं पहिलं वाक्य कोणी बोलायचं ते त्यालाच ठरवू द्या.