खिडकीखाली सव्वादोन फूट

माझे मिस्टर विद्यार्थी असताना गेले. वय चौपन्न.

मृत्यूच्या दाखल्याचा फॉर्म भरताना व्यवसायाच्या रकान्यात मी तेच लिहिलं. क्लार्क म्हणाला, "ताई, मुलाचं नाही, मिस्टरांचं लिहा."

मी म्हटलं, मिस्टरांचंच आहे.

आज वर्ष झालं.

हे सिव्हिल इंजिनिअर. पंचवीस वर्षं बिल्डरांच्या साइटवर काढली. लोकांच्या भिंती उभ्या केल्या, पण आत माणसं राहतात कशी ते बघायचं राहून गेलं, असं म्हणायचे. मुलगी पुण्यात नोकरीला लागली आणि ह्यांनी आर्ट कॉलेजात इंटिरियर डिझाइनच्या मास्टर्सला ॲडमिशन घेतली.

नातेवाइकांत चेष्टा झाली. दीर म्हणाले, "दादा, पालकसभेला कोण येणार, वहिनी का?"

वर्गातली पोरं ह्यांना काका म्हणायची आणि ह्यांचा डबा संपवायची. मी दोन पोळ्या जास्त द्यायला लागले.

मी दहावी. पण वाचायची सवय आहे. ह्यांची पुस्तकं मी डिक्शनरी घेऊन वाचली. ओट्याची उंची बाईच्या कोपरावरून ठरवायची असते, हे मला तिथे कळलं. तोवर संसाराला सव्वीस वर्षं झाली होती आणि पाठीलाही.

दुसऱ्या वर्षी ह्यांची फुफ्फुसं बिघडली. घरात ऑक्सिजनचं मशीन आलं. मला वाटलं, आता कॉलेज सुटणार.

ह्यांनी थिसिसचा विषयच तो घेतला. लहान फ्लॅटमधली आजारी माणसाची खोली.

खोली आमचीच, दहा बाय बारा. एका रविवारी दुपारी धापा टाकत सगळी मोजली. कॉट, मशीन, कमोडची खुर्ची, औषधांचं कपाट, सलाइन टांगायचा खिळासुद्धा. साइटवरचा माणूस, अर्धा इंच सोडायचा नाही.

मग कॉलेजात कच्चं काम दाखवायचा रिव्ह्यू होता. रिक्षात छोटा सिलिंडर घेऊन गेले. गाइड मॅडमनी खोलीच्या ड्रॉइंगची शीट बघितली आणि विचारलं, काका, रात्री तुम्हाला उठवून बसवतं कोण? हे म्हणाले, बायको. मॅडम म्हणाल्या, मग ती ह्यात कुठे आहे?

मी नव्हतेच त्यात.

मी खाली गादी टाकून झोपायचे. पण आमच्या सिन्नरला आई म्हणायची, ऊन घरात यायच्या आत अंथरूण उचललेलं पाहिजे. ती सवय. हे डोळे उघडायच्या आत माझी गादी बाहेरच्या खोलीतल्या दिवाणाखाली गेलेली असायची. दुपारी मोजणाऱ्याला ती दिसणार कशी?

घरी येऊन शीट कॉटवर पसरली. मग म्हणाले, "सुनंदा, तू झोपतेस कुठे गं?"

"लवकर विचारलंत," मी म्हटलं.

हसले. हसलं की खोकला यायचा.

दुसऱ्या दिवशी मला अंथरूण उचलू दिलं नाही. मला तसंच पडून राहायला सांगितलं आणि कॉटवरून टेप सोडली.

"हात लांब कर. माझ्यापर्यंत पोचतो का?"

"नाही पोचत."

"मग मला धाप लागली की तुला कळतं कसं?"

"मी झोपतच नाही नीट."

ह्यांनी आकडा लिहिला नाही. टेप नुसती हातात धरून बसले.

त्यानंतर तीन आठवडे तीच एक शीट. खोडायचे, परत काढायचे. शेवटी कॉट आत सरकवली आणि खिडकीखाली माझ्यासाठी सव्वादोन फूट रुंद पक्का बाक काढला. आडवं होता येईल असा. हात लांब केला की ह्यांच्या खांद्याला लागेल इतक्या अंतरावर.

खिडकी आधी ह्यांच्या वाट्याला होती.

शीट पेन्सिलीत होती तेव्हाच ॲडमिट करावं लागलं. वर्गातली प्राजक्ता भेटायला आली. तिला मास्क बाजूला करून म्हणाले, "मार्कांचं जाऊ दे. शीट भिंतीवर लागली पाहिजे. आणि कुणीतरी चूक काढली पाहिजे."

चार दिवसांनी गेले.

शीट तपासायची ज्युरी नवव्या दिवशी आली. दहावा दुसऱ्या दिवशी रामकुंडावर होता. नणंद म्हणाली, सुतकात घराबाहेर पडू नये. तिचं चुकलं नव्हतं. मी गेले.

व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा, ज्याची त्यानेच द्यायची असते, त्यामुळे पदवी मिळणार नाही, हे मॅडमनी आधीच सांगितलं होतं. नियम आहे. तरी प्राजक्ताने शीट पुरी करून इतरांच्या ओळीत लावली होती. मी मागे खुर्चीवर बसले.

बाहेरून आलेले परीक्षक शीटसमोर थांबले. मला भीती होती की आता दोन मिनिटं शांतता पाळतील आणि पुढे जातील.

त्यांनी चष्मा पुसला. म्हणाले, "हा बाक पक्का कशाला? एवढ्याशा खोलीत फोल्डिंग केला असता तर जागा वाचली असती."

प्राजक्ताने वळून माझ्याकडे बघितलं. मी उभी राहिले.

"सर, मिटता येतं ते दिवसभर मिटलेलंच राहतं. आणि ते मिटलेलं असलं की बाई पाठ टेकत नाही. मी सात महिने टेकली नाही."

परीक्षक परत शीटकडे वळले. मग विचारलं, बाकाची उंची किती धरली आहे. प्राजक्ता म्हणाली, सोळा इंच.

"कमी आहे. ह्या बाईंना रात्रीतून दहादा उठायचंय. गुडघे जातील."

त्यांनी सोळाला गोल केला आणि बाजूला अठरा लिहिलं. मग पुढच्या शीटकडे गेले.

आमच्या खोलीत तो बाक काही झाला नाही. आता गरजही नाही. मी कॉटवर झोपते, झोप लागतेच असं नाही.

अहो, शीट लागली. चूकही निघाली, दोनच इंचांची आहे.

आता स्वस्थ पडा.