भिंत ठोकून बघणारा माणूस

'परांचीवरून पडून मजुराचा मृत्यू.'

आज पेपरात आतल्या पानावर चार ओळी आल्यात. नावसुद्धा नाही.

मजूर काय मजूर? गवंडी होते ते! दस्तगीरचाचा. आटपाडीचे.

सांगलीतलं माझं घर त्यांनी बांधलं. मी मात्र सगळ्यांना सांगत फिरतो, "मी बांधलं." मला भिंतीत साधा खिळा ठोकता येत नाही.

हॉलचा गिलावा झाल्यावर एकदा साइटवर गेलो, तर चाचा स्वतःच केलेला गिलावा फोडत बसलेले. थापीच्या मुठीनं भिंत ठोकायची, कान लावायचा, पुन्हा ठोकायची.

माझं डोकंच फिरलं. "चाचा, चांगली दिसतेय की भिंत! वास्तुशांतीची तारीख ठरलीय."

"दिसतीया चांगली सर. पर हितं पोकळ वाजतीया. मालानं धरलं न्हाई."

"कोण ठोकून बघणार आहे?"

"मी बगितली न्हवं?"

हातभर तुकड्यासाठी अख्खा दिवस घातला. मी मागं उभा राहून बडबडत होतो. त्यांनी वळूनही पाहिलं नाही.

वास्तुशांतीला इंजिनिअरला शाल-श्रीफळ दिलं. कॉन्ट्रॅक्टरला दिलं. फर्निचरवाल्यालाही दिलं.

चाचा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून दाराशी उभे होते. त्यांना शाल द्यावी हे माझ्या डोक्यातच आलं नाही. खोटं कशाला बोलू?

ते आपणहून जवळ आले. "सर, त्या भिंतीपाशी माजा येक फोटू काडता का?"

"दोन मिनिटं हां चाचा, आलोच."

पाहुणे, पंगत, आहेर. मी गेलोच नाही. चाचा न जेवताच निघून गेले, हेही दुसऱ्या दिवशी कळलं.

काल आटपाडीला मातीला गेलो होतो. तिथं त्यांचे धाकटे भाऊ भेटले, तेही गवंडीच. मी नाव सांगितलं तर म्हणाले, "सांगलीचं सर व्हय? तुमचं घर ठावं हाय आमाला."

खिशातून चाचांचा फोन काढला. काच तडकलेली.

"कुनीबी आलं की ह्यो फोटू दावायचा. म्हनायचा, ही भिंत माजी हाय."

माझ्या हॉलची भिंत. कडेला शाल पांघरलेला इंजिनिअर, शेजारी दात काढून हसणारा मी.

चाचा फोटोत नाहीत. कसे असतील? तो त्यांनीच काढला होता.

मला तिथं उभं राहवेना.

चाचा, माफी मागायलाही उशीर केला मी.

सकाळपासून तुमची भिंत ठोकून बघतोय. कुठंच पोकळ वाजत नाही.

सलाम, चाचा.