ओठांना न लावलेली चांदी

माझ्या सासूबाईंनी आपल्या पायातली चांदी मोडून मला फ्लूटचा वरचा तुकडा करून दिला, आणि मी तो वर्षानुवर्षं ओठांना लावला नाही. लावते आहे असं मात्र त्यांना भासवत राहिले. हे एवढं सरळ लिहायला मला पन्नाशी उलटावी लागली. घरात हे कुणालाच ठाऊक नव्हतं, आमच्या ह्यांनासुद्धा नाही.

फ्लूट म्हणजे बांबूची बासरी नव्हे. ही धातूची, चाव्यांची, तीन तुकड्यांत उघडणारी. वरच्या तुकड्यावर ओठ टेकायची पट्टी असते, तिच्यात फुंकायचं भोक असतं. माझे वडील देवासला बँडमध्ये होते. त्यांची जुनी फ्लूट माझ्याकडे आली, आणि तिच्यासकट मी धारला सून म्हणून गेले. मामंजी, म्हणजे सासरे, पहिल्याच दिवशी म्हणाले, "बरं झालं, घरच्या लग्नांचा बँडचा खर्च वाचला." पुढे ह्यांची नोकरी बदलली, मला देवासच्या एका शाळेत संगीत शिकवायचं काम मिळालं आणि आम्ही देवासला राहायला आलो. धारला येणं-जाणं मात्र चालू राहिलं.

आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणायची जुनी रीत आहे. आत्याबाईंना गाण्याचं काही कळत होतं असं नाही, पण मी वाजवायला बसले की त्या परात घेऊन जवळ यायच्या आणि तांदूळ निवडायच्या. राग कुठला, धून कुठली, कधी विचारलं नाही. त्यांचं लक्ष होतं ते माझ्या हनुवटीकडे. तिथे एक लाल चट्टा उठायचा. वडिलांची फ्लूट जर्मन सिल्व्हरची होती. नाव सिल्व्हर, पण त्यात चांदी नावालाही नसते. तांबं, जस्त आणि निकेल. वरचा जुना मुलामा झिजला होता आणि ते निकेल माझ्या कातडीला सोसत नव्हतं.

"अगं, हे तुझं वाजवणं आहे का खाजवणं?" त्या म्हणायच्या.

मामंजी गेले त्या वर्षी आम्ही धारला बरेच दिवस होतो. तेव्हा एकदा दुपारी आत्याबाईंनी मला फ्लूटसकट सोबत घेतलं आणि थेट सोनाराच्या दुकानी नेलं. पदराखालून पुरचुंडी काढली. तिच्यात त्यांचे लग्नातले जाड तोडे होते, मासोळ्या होत्या, आणि जोडवी. मामंजी गेले त्या दिवशी ती जोडवी त्यांच्या बोटांतून काढली तेव्हा मी तिथे होते. साबण लावून काढावी लागली होती.

सोनार ओळखीचा होता, पण काम ऐकून हसायलाच लागला. "माँजी, लोग तो बंसी बेचके तोड़े बनवाते हैं."

"लोगों की बहू बजाती है क्या?" आत्याबाई म्हणाल्या, आणि घासाघीस तिथेच संपली.

त्याने माझा जुना तुकडा मापाला ठेवून घेतला. चांदीचा पत्रा सळईवर गुंडाळून, डाक लावून सांधा जोडून, घासूनपुसून त्याने हुबेहूब तसाच तुकडा उभा केला. थोडा जाड झाला, जडही. भोकाची कड त्याने आपल्या नजरेने कापली होती. पण वस्तू देखणी होती, त्यात वाद नाही.

देवासला परतल्यावर मी तो हातात घेतला आणि तोंडाशी नेला. तिथेच अडले.

मी शाळेत मुलांना अंधश्रद्धेवर भाषणं देणारी बाई. कमरेखाली सोनं घालू नये, पायाला लागलेलं वर उचलू नये, हे सगळं मी हसण्यावारी नेत आले होते. पण तो तुकडा ओठांजवळ आला आणि मला आत्याबाईंचा पाय दिसला. भेगाळलेली टाच, आणि बोटावर जोडव्याच्या जागी राहिलेला पांढुरका वळ. ही पायातली चांदी, त्यातून त्या दिवशी उतरवलेली. किळस होती का भीती, मला आजही सांगता येत नाही. मी तो खाली ठेवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला. मग चपलांच्या एका रिकाम्या खोक्यात घालून कपाटावर टाकून दिला. खोकं मुद्दाम चपलांचं निवडलं नव्हतं. पण दुसरी खोकीही घरात होती, हेही खरं.

पुढचं याहून वाईट आहे. इथल्या इंडस्ट्रियल एरियात मुलामा देणारं एक दुकान आहे. तिथून मी वडिलांच्या जुन्या तुकड्याला चांदीचा मुलामा देऊन आणला. खाज थांबली, लकाकी आली, आणि दिसायला दोन्ही तुकडे सारखे झाले. सणाला धारला गेले तेव्हा तोच वाजवला. आत्याबाईंनी डोळे मिटून ऐकलं आणि शेजारणीला म्हणाल्या, "ऐकलंस? आता चांदी बोलतेय."

मी मनात हसले. या बाईंना काय कळतंय, असं वाटलं. त्या हसण्याची लाज मला त्या मुलाम्यापेक्षाही जास्त वाटते.

फ्लूटवाल्यांच्या जगात धातूंच्या गोष्टी फार चालतात. चांदीचा सूर लांब जातो, सोन्याचा ऊबदार असतो, प्लॅटिनमचा गडद, आणि जर्मन सिल्व्हर म्हणजे शिकाऊ पोरांसाठी. मीही हे वर्गात सांगत आले होते. रेकॉर्डवर कुणी सोन्याची फ्लूट वाजवतंय असं कळलं की मला सुरात सोनं ऐकूही यायचं.

मग माझी एक जुनी विद्यार्थिनी सुट्टीत भेटायला आली. बाहेर शिकत होती, सोबत तिची अस्सल चांदीची फ्लूट होती. आम्ही गंमत करायची ठरवली. वर्गातल्या मुलांना भिंतीकडे तोंड करून बसवलं. एकच धून आधी तिने वाजवली, मग मी, मग फ्लूट अदलाबदल करून पुन्हा दोघींनी. चांदीची वाटेल तेव्हा हात वर करा, म्हटलं.

हात कसेही वर होत होते. निम्मे इकडे, निम्मे तिकडे. तेवढ्यात मागून एक जण हिंदीत म्हणाला, "मॅडम, पीतल-चाँदी नहीं पता, पर अभी आप बजा रही हो, ये पता है." आणि तो बरोबर होता. मग सगळीच मुलं ते ओळखू लागली. फ्लूट कुठलीही असो, मी फुंकली की मी, ती फुंकली की ती. धातू त्यांना ओळखू येत नव्हता, फुंकणारी ओळखू येत होती.

मुलं घरी गेल्यावरही मी त्या वर्गात बसून राहिले. त्यानंतर जिथे मिळेल तिथे याबद्दल वाचलं, वडिलांच्या जुन्या सोबत्यांना विचारलं. सतारीची तार वाजते, तबल्याचं कातडं वाजतं, पण फ्लूटची नळी वाजत नाही. नळीच्या आतली हवा वाजते. ओठांतून निघालेली झुळूक भोकाच्या कडेवर फुटते, क्षणात आत, क्षणात बाहेर, आणि आतला हवेचा खांब डोलायला लागतो. भोकाची कड कशी कापली आहे याने फार फरक पडतो, ओठ कसे धरले याने त्याहून जास्त. भिंत कशाची आहे, हे हवेला जवळजवळ कळतच नाही. एवढी चांदी, एवढं सोनं, आणि गाणारी वस्तू ती जी डोळ्यांना दिसत नाही आणि जिचं कुणी मोल करत नाही. हे कळलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. अजूनही कधी कधी पहिला सूर लावताना येतो.

आणि त्याच्या मागोमाग दुसरं कळलं. आत्याबाईंना ऐकू आलेली चांदी आणि मला ऐकू येणारं सोनं एकाच जातीचं होतं. तेव्हाच खोकं खाली काढायला हवं होतं. नाही काढलं.

पुढे आत्याबाई कायमच्या आमच्याकडे आल्या. येताना आपला देव्हारा घेऊन आल्या, आणि पूजा माझ्याकडे सोपवली. देव्हाऱ्यात चांदीचे टाक आहेत, कुलदैवताचे आणि घरातल्या गेलेल्या माणसांचे, हातावर मावणारे कोरीव पत्रे. सकाळी त्यांना अंघोळ घालायची, पुसून गंध लावायचं, आणि ते पाणी तीर्थ म्हणून घ्यायचं. मी आधी आत्याबाईंच्या तळहातावर घालते, मग स्वतः घेते. श्रद्धेने म्हणा, सवयीने म्हणा.

हळूहळू त्यांचे कान गेले. कानाचं मशीन आणलं, पण त्यातून माझी फ्लूट कुकरच्या शिट्टीसारखी ऐकू येते म्हणून त्यांनी ते डबीत घालून ठेवलं. तरी मी वाजवायला बसले की खुर्ची ओढून जवळ येतात. एकदा त्यांनी हात पुढे केला आणि दोन बोटं वरच्या तुकड्यावर टेकवली, माझे ओठ आणि माझा डावा हात यांच्या मधल्या जागेवर. मी थांबले. त्यांनी मानेनेच सांगितलं, वाजव. मी वाजवलं. खालच्या सुरांना त्यांच्या भुवया वर गेल्या. "मुंग्या येतात," म्हणाल्या, आणि खुश झाल्या. तेव्हापासून त्यांचं ऐकणं असंच. नळीतून येणारी ती थरथर कानांपर्यंत पोचत नाही, फार बारीक असते. बोटांना मात्र लागते.

आता ते सांगायचं, ज्यासाठी हे लिहायला घेतलं.

गेल्या हिवाळ्यात डॉक्टरांनी सांगितलं की आता कानांत काही उरलेलं नाही. घरी आल्यावर माझ्या मनात पहिला विचार काय आला? की आता वाजवता येईल. आता त्यांना फरक कळणार नाही, काही विचारणार नाहीत, आणि माझं ओझं मात्र गुपचूप उतरेल. कबुली न देता फेड करायची होती मला.

खोकं काढलं. तुकडा काळा पडला होता. चिंचेने घासला. दुपारी त्या आपल्या खुर्चीत येऊन बसल्या, आणि मी डोळे मिटून ती चांदी ओठांना लावली. गार होती. एवढंच. एवढ्यासाठी इतकी वर्षं. सूर पहिल्या फुंकीला लागला नाही, सोनाराची कड जराशी बोथट होती, ओठ थोडे पुढे घ्यावे लागले. मग लागला.

आत्याबाईंनी बोटं टेकवली. नेहमीचीच धून मी सुरू केली. दोन-चार ओळी झाल्या असतील, त्यांनी बोटं उचलली, लुगड्याला पुसली आणि पुन्हा टेकवली.

"हे ते नाही," त्या म्हणाल्या.

मी फ्लूट खाली घेतली. कान शाबूत असलेली तीसचाळीस मुलं भिंतीकडे तोंड करून बसवली होती, त्यांना धातू सांगता आला नव्हता. इथे दोन सुरकुतलेल्या बोटांना सांगता आला. जाड भिंत, जड धातू, थरथर कमी. जे कुणाच्याच कानाला ऐकू येत नाही ते त्यांना लागलं होतं.

"हे सुस्त आहे," त्या म्हणाल्या. "काय बदललंस?"

आता खोटं बोलणं सोपं होतं. बिघडलं होतं, दुरुस्त करून आणलं, असं सांगता आलं असतं. मी खुर्ची पुढे ओढली आणि त्यांना माझे ओठ दिसतील असं बसले, कारण आताशा त्या ओठांवरून वाचतात. एकेक शब्द सुटा करून सांगितलं. हे तुमच्या तोड्यांचं आहे. आज पहिल्यांदाच लावलं. आजवर वाजवत होते ते जुनं, मुलामा दिलेलं. पायातली चांदी होती म्हणून तोंडाला लावता आली नाही.

असं काही आवाज न करता, नुसत्या ओठांनी कबूल करणं फार अवघड असतं. खाली बघायची सोय नसते.

त्या बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मला वाटलं, कळलं नसावं. मग मान वळवून त्यांनी देव्हाऱ्याकडे बघितलं.

"ते टाक कशाचे वाटले गं तुला?"

मीही तिकडे बघितलं.

"माझ्या सासूच्या तोड्यांचे. घरात दुसरी चांदी होती कुठे? मी नवी होते, मलाही कसंतरीच झालं होतं. त्या म्हणाल्या, एकदा आगीतून गेलं की पाय कुठला नि डोकं कुठलं." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "रोज तीर्थ घेतेस की."

मला हसू आलं आणि रडूही. त्यांना दोन्ही दिसलं असणार, पण त्यांनी कशाचीच दखल घेतली नाही. फ्लूटकडे बोट केलं.

"ते जुनं लाव. याच्याने मुंग्या येत नाहीत."

"आत्याबाई, हे तुमचं आहे."

"असू दे की. तुझ्या तोंडासाठी केलं होतं, माझ्या बोटांसाठी नाही."

आता शाळेत मी चांदीचा तुकडा वाजवते. सोनाराच्या त्या बोथट कडेशी माझे ओठ हळूहळू जुळवून घेतायत. मुलांना फरक कळत नाही, कळायचं कारणही नाही. घरी आले की तो काढून मुलाम्याचा लावते, खुर्चीत बसते आणि खालचा सा लांब धरते. आत्याबाई येतात, दोन बोटं टेकवतात, आणि त्यांच्या भुवया वर जातात.