नवसागर मागताना

सोमवारी माझी पत्नी वारली.

पाचव्या दिवशी माझ्या मेहुण्याने तिची माशांची टाकी धुतली. घरात माणसे येत होती, काचेवर शेवाळ दिसत होते, आणि सुतकातल्या घराची काचही स्वच्छ असावी असे त्याला वाटले. टाकीतला स्पंज आणि खडे त्याने ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात बुडवले, उन्हात वाळवले, ताजे पाणी भरले आणि सहा गोल्डफिश परत सोडले. तेरवीपर्यंत पाच मेले. जमलेल्या पाहुण्यांनी एकमताने ठरवले, की मुक्या जिवांनाही दुःख झाले. मी होकारार्थी मान हलवली. त्या दिवसांत मी सगळ्यालाच मान हलवत होतो.

उरलेला एक मी प्लास्टिकच्या टबात ठेवला आणि रोज अर्धे पाणी बदलू लागलो. तिने सांभाळलेले घरात एवढेच जिवंत उरले होते. मला धरले तर दोन.

मी गडचिरोलीत कॉलेजचा ग्रंथपाल होतो, म्हणून वाचायला बसलो. कळले ते असे. माशाच्या घाणीतून अमोनिया तयार होतो आणि तोच माशाला मारतो. स्पंजात राहणारे जंतू तो अमोनिया खाऊन संपवतात. हे जंतू मेहुण्याने धुऊन काढले होते. ते परत हवे असतील तर मासा न सोडता टाकीत अमोनिया घालायचा, आणि काही आठवडे थांबायचे. टबातल्या माशाला तेवढे आठवडे काढायचे होते.

प्रश्न एवढाच होता, की अमोनिया आणायचा कुठला. यावर मत नसलेला माणूस मला भेटला नाही. काच पुसायच्या बाटलीत अमोनिया असतो, पण ती हलवून पाहिली तर फेस बसेना, म्हणजे आत साबण. शिवाय लिंबाचा वास. शेजारच्या काकू म्हणाल्या, "वाळले झिंगे टाका ना जी, सडले का आपोआप होते." किती झिंग्यांचा किती अमोनिया, हे काकूंना विचारण्यात अर्थ नव्हता. चंद्रपूरच्या मासेवाल्याचा उपाय सर्वांत व्यवहारी होता. "दोन सस्तेवाले मासे सोडा, सर. मेले तर मेले. तुमचा मेन मासा वाचते ना!" मला त्या महिन्यात तेवढे मरण पुरे झाले होते.

वाचलेल्या सगळ्यातून निघालेले उत्तर सरळ होते: शुद्ध, बिनरंगाचे, बिनवासाचे अमोनियम क्लोराइड. म्हणजे नवसागर. मी पिशवी घेऊन किराणा दुकानात गेलो.

आमच्या जिल्ह्यात दारूबंदी आहे. त्यामुळे घरी दारू गाळताना मोहाच्या सडव्यात नवसागर घालतात हे इथे सगळ्यांना पाठ असते. मी तेवढे सोडून बाकी सगळे वाचले होते.

दुकानदाराने हातातले माप खाली ठेवले. "सर, तुम्ही पण?"

"मले माशासाठी पाहिजे," मी म्हणालो.

"माशासंगच तं घेते ना लोक!" मागून एक गिऱ्हाईक म्हणाले, आणि दुकान हसले.

दुकानदार मात्र हसला नाही. पुढे वाकून हळूच म्हणाला, "बाई गेल्या, दुःख आहे, समजते मले. पण घरी काऊन काढता, सर? सांगा ना, तयार बाटली आणून देतो."

मी पावशेर साखर घेऊन परत आलो.

मेहुण्याला हे कळले तेव्हा तो शेतावरून युरिया घेऊन आला. "भाऊजी, युरिया म्हणजे अमोनियाच ना जी. धानाले चालते, मंग टाकीले काऊन नाई चालणार?" युरिया प्रतिष्ठित होता. युरियाला कोणी हसत नाही. मी रोज चिमूटभर घालू लागलो आणि नळीत तपासणीचे थेंब टाकून बघू लागलो. अमोनिया असला की पाणी हिरवे होते, संपला की पिवळे. चोवीस दिवस हिरवेच.

मग मी पोते वाचले. युरियावर कडुलिंबाचा लेप असतो आणि तसे पोत्यावर ठळक छापलेले असते. खत पिकाला जास्त दिवस पुरावे म्हणून मातीतले नेमके तेच जंतू मंद करणे, हे त्या लेपाचे काम. ज्यांची मी वाट पाहत होतो, त्यांना मीच रोज अडवत होतो. सबंध नोकरी मी मुलांना सांगत आलो होतो, की पुस्तक उघडण्याआधी मुखपृष्ठ वाचा.

टाकी रिकामी करून, पुन्हा धुऊन, मी कॉलेजच्या रसायनशाळेत गेलो. तिथल्या माणसाने कपाटातून अमोनियम क्लोराइडची बाटली काढली, पुडी बांधली आणि माझी तब्येत विचारली. नवसागर कशाला हवा, हे विचारले नाही. माझे ग्रंथालय त्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर होते. चोवीस दिवस मी जिना उतरायला लाजलो होतो.

टाकी तयार व्हायला आणखी एकतीस दिवस लागले. मासा त्यातल्या एकोणिसाव्या दिवशी टबात मेला.

मेहुणा म्हणाला, "दुसरा आणू ना, भाऊजी. बजारात तसाच भेटते, सेम टू सेम."

"नको," मी म्हणालो. त्या दिवसांनंतर मी मान हलवली नाही अशी ती पहिली वेळ.

आता टाकी चालू आहे. सकाळी मी तीत नवसागर घालतो, दुसऱ्या सकाळी नळीतले पाणी पिवळे येते. टाकीत मासा नाही.